विरोधाभास सोडवताना

जीमॅटच्या क्रिटिकल रीझनिंगमध्ये एक प्रकार हमखास भेटतो : वरवर न जुळणाऱ्या दोन गोष्टी दिलेल्या असतात, त्यांचा मेळ घाला. पुष्कळजण त्यातली एक खोटी पाडायला जातात. मंडळी, तसं नाही करायचं! दोन्ही खऱ्या धरायच्या आणि दोन्हींना एकदम लागू पडेल असा पर्याय शोधायचा.

सरावाला बारामती तालुका घ्या. सगळाच पर्जन्यछायेतला. तरी माळेगाव-सोमेश्वरकडे उसाचे फड, आणि दुष्काळात सुप्याकडे टँकर! 'पाऊस कमी' म्हटलं की टँकर कळतो, ऊस नाही. 'शेतकरी कष्टाळू' म्हटलं की ऊस कळतो, पण सुपेकरांना आपण बसल्याजागी आळशी ठरवतो.

आता तिसरा पर्याय बघा. उसाचं पाणी इथल्या पावसाचं नाहीच मुळी. ते पडतं भोरकडच्या डोंगरात, साठतं भाटघर धरणात आणि येतं नीरा डाव्या कालव्याने. पाणी उतारानेच जाणार, म्हणून कालवा आणि नदी यांच्यामधली जमीन भिजते, कालव्याच्या वरची कोरडी राहते. सुप्याकडे पाणी न्यायचं तर उपसूनच न्यावं लागतं. जनाई-शिरसाई योजना त्याचसाठी. पुढे इंदापुरातल्या टेलच्या गावांना कालवा असतो, पण आवर्तन पोचता पोचता पाणी आटलेलं असतं.

परीक्षेत चुकीच्या पर्यायाने फार तर मार्क जातात. इथे चुकीचा पर्याय धरला, तर कुणाची पाण्याची मागणी आपल्याला नुसती कुरकुर वाटायला लागते.