बिल बरोबर होतं, बॉल जॉइंट नव्हता

आज मुलांच्या अभ्यासाबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितेय. पण त्याच गाडीत मागे पोरं बसतात, म्हणून याच ग्रुपवर.

आमची गाडी दहा वर्षांची झाली. नव्या सीओईचे भाव बघून जुन्याचीच पाच वर्षं वाढवली. तीन महिन्यांच्या सरासरी भावाचे निम्मे पैसे भरायचे, आणि ती पाच संपली की गाडी मोडीत. पुन्हा वाढवता येत नाही. शिवाय दहानंतर इन्स्पेक्शन दरवर्षी. तेवढ्यात पासिर रिसला आमच्या कारपार्कमधल्या हंपवर पुढून कट्-कट् आवाज सुरू झाला.

लोअर आर्म आणि टाय रॉड एंड बदलायला सांगितले. मी सीए. तीन कोटेशन्स, एक्सेल शीट, सगळ्यात स्वस्त ते घेतलं. बिलावर 'ओईएम' लिहिलेलं, वॉरंटी कार्ड, सगळं फाइलला. सातव्या महिन्यात टीपीईवर लेकीला क्लासहून आणताना स्टीअरिंग हातात सैल वाटलं. ती मागे कानात इअरफोन घालून बसलेली, तिला पत्ताच नाही. मी मात्र घरी येईपर्यंत पन्नासच्या वर गेले नाही.

दुसऱ्या मेकॅनिक अंकलनी गाडी लिफ्टवर घेतली आणि मलाच खाली बोलावलं. टॉमी घालून आर्म हलवला, बॉल जॉइंटला सरळ सरळ प्ले. रबरी बूट फाटलेला, ग्रीस बाहेर, इथल्या पावसाचं पाणी आत. मग जुना आणि नवा, दोन्ही पार्ट माझ्या हातात दिले. नव्याची पिन जोर लावून फिरते, पण सगळीकडे सारखी. कुठे अडखळली किंवा मध्येच सैल पडली तर परत करायचा. बूटचं रबर मऊ हवं, दोन्ही टोकांच्या रिंगा घट्ट बसलेल्या. कंपनीचं नाव आणि बॅच नंबर धातूवर हवा, नुसत्या खोक्यावर नाही. माझ्या जुन्यावर काहीच नव्हतं.

अर्थात नावाचीही नक्कल होते. जपानच्या सांकेईचा '५५५' मार्क डुप्लिकेटवाल्यांचा लाडका. म्हणून खरा प्रश्न: कुठली कंपनी, पार्ट नंबर काय, आणि वर्कशॉपने तो कुणाकडून घेतला ते बिल दाखवा. 'ओईएम' म्हणजे खरं तर गाडीच्या कंपनीला माल पुरवणारा. पण बिलावर ती तीन अक्षरं कोणीही टाइप करतं. ऑडिटला क्लायंटचं नुसतं बिल मी कधी मान्य केलं असतं का? स्वतःच्या गाडीला केलं.

अजून एक, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आर्मच्या बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना शेवटचे घट्ट करायचे. लिफ्टवर लटकत असताना केले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि चांगला पार्टही लवकर फाटतो. टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करायचीच, ते वेगळं.

लेकीला घरी सांगितलं, तर म्हणाली, "आई, तू पार्ट बघितलाच नव्हतास?"

आता मागचे शॉकअप तेल सोडायला लागलेत. अंकल कायाबाचे सुचवतात. कोणी बसवले असतील तर किती किलोमीटर चालले ते कमेंटमध्ये लिहा. फोटो टाकलात तर पार्टचा टाका, बिलाचा नको.