आवडीचें व्याकरण

परकी भाषा शिकूं लागलें म्हणजे पहिल्या आठवड्यांत नमस्कार, दुसऱ्यांत आंकडे आणि तिसऱ्याचौथ्यांत 'मला अमुक आवडतें' हें वाक्य यावयाचेंच. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या गतवर्षापासून स्पॅनिश शिकत आहे, व तिच्या पुस्तकांत डोकावतां डोकावतां आम्हांसहि त्या भाषेचा नाद लागला आहे. इंग्रजीच्या वाटेनें तिकडे जाणारी मंडळी नेमकी ह्याच वाक्यापाशीं अडखळतात. मराठी मनुष्यास अडखळण्याचें कारण नाहीं. किंबहुना आपण त्या भाषेच्या ओसरीवर पोंचलों नाहीं तोंच आंतून ओळखीचा आवाज यावा, असा कांहींसा अनुभव येथें येतो.

इंग्रजींत आवड बाळगणारा मनुष्य हा वाक्याचा यजमान. तो कर्ता, आणि कॉफी बिचारी कर्म. स्पॅनिश भाषेंत 'मे गुस्ता एल काफे' असें म्हणतात. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते, आणि कॉफी ही कर्ता. आंबा एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. क्रियापद मनुष्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, तें वस्तूच्या मागें चालतें. आपण तर त्याहून एक पाऊल पुढें आहों. आंबा आवडतो, चिंच आवडते, केळें आवडतें, असा लिंगाचाहि मान आपलें क्रियापद राखतें. 'आवडणारा कोण?' असा प्रश्न विचारून कर्ता हुडकावयास आम्हांला शाळेंत शिकविलें होतें, आणि उत्तर 'मी' नसून 'आंबा' आहे, हें ऐकून वर्ग हंसला होता.

ही रीति आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीनें अष्टाध्यायींत (१.४.३३) असा नियम सांगितला आहे कीं, 'रुच्' ह्या अर्थाच्या धातूंच्या योगें ज्याला प्रीति वाटते त्याला संप्रदान म्हणावें, म्हणजे त्याची चतुर्थी करावी. टीकाकारांनीं उदाहरण दिलें तें देवदत्ताचें आणि मोदकाचें. देवदत्ताला मोदक रुचतो. 'रुच्' धातूचा दुसरा अर्थ प्रकाशणें, चमकणें असा आहे. वस्तु माझ्यापुढें उजळते, मी नुसता तिच्या उजेडांत उभा असतों! उलट स्पॅनिश 'गुस्तार' हा लॅटिनमधील 'गुस्तारे' म्हणजे चव घेणें ह्या धातूपासून आला. एकीकडे डोळा, एकीकडे जीभ. पण दोन्ही भाषांनीं मनुष्याला चतुर्थींत बसविलें. शेजारच्या पोर्तुगीज भाषेनें तसें केलें नाहीं. तीत 'मी आंब्याची आवड धरतों' अशा घाटाचें वाक्य होतें. १९६१ पर्यंत गोव्यांत सत्ता त्या भाषेची होती, तरी कोंकणी माणूस घरीं 'म्हाका आवडटा' असेंच म्हणत राहिला.

आवडीचे चढउतार स्पॅनिश लोक मोठ्या नजाकतीनें दाखवितात. फारच आवडलें तर 'मे एन्कान्ता', म्हणजे तें मला मोहिनी घालतें. मोहिनीपुढें 'फार' हा शब्द लावीत नाहींत, आणि तें योग्यच आहे. नम्रपणें इच्छा सांगावयाची तर 'मे गुस्तारीआ', हुबेहूब आपलें 'मला आवडेल'. दोहोंतून एक निवडावयाचें असेल तेव्हां मात्र मनुष्य चतुर्थींतून उठून कर्त्याच्या पाटावर येऊन बसतो. 'प्रेफिएरो' म्हणजे मी पसंत करतों. येथें धातूचा स्वर 'मी', 'तूं', 'तो', 'ते' ह्या सर्वांशीं फुटतो. 'आम्ही'शीं फुटत नाहीं, 'प्रेफेरिमोस' असा सरळच राहतो. आमच्यासारख्या 'आम्ही' लिहिणाऱ्यांची ही सोयच झाली!

माणसांविषयीं बोलतांना जपावें लागतें. 'मे गुस्तास' म्हणजे 'तूं मला आवडतोस'. आणि तिकडेहि ह्या वाक्यानें घरांतल्या वडील माणसांचे कान टवकारतात. निव्वळ सलोखा सांगावयाचा असेल तर 'तूं मला बरा पडतोस' अशा अर्थाचा निराळा वाक्प्रचार आहे. आपण तेथें 'आमचें पटतें' म्हणून सुटतों. गर्भवतीला जे डोहाळे लागतात त्यांना त्यांच्यांत 'आन्तोहो' म्हणतात. डोहाळा पुरा न झाल्यास मुलाच्या अंगावर डाग उठतो अशी जुनी समजूत होती, म्हणून जन्मखुणेलाहि तोच शब्द. बाईची इच्छा बोलून दाखविण्याजोगी एरव्ही नव्हती, डोहाळ्यांपुरती होती. हें त्यांचें कीं आपलें, असा प्रश्न पडावा.

हें सारें आम्हांस सुचलें तें पुतणीच्या एका पाठामुळें. घरांतील प्रत्येकाची आवडती वस्तु स्पॅनिशमध्यें लिहून आणावयाची होती. आमची, बंधूंची, मुलांची वाक्यें अर्ध्या तासांत झालीं; एकट्या बंधूंचींच चार झालीं. मग ती आमच्या मातोश्रींकडे वळली.

"आजी, तुला काय आवडतं?"

"सगळ्यांना आवडतं तेच."

"असं नाही चालत. 'आजीला' लिहिलं की पुढे पुन्हा 'तिला' लिहावंच लागतं. दोनदा सांगायचं असतं."

तिचें म्हणणें खरें होतें. स्पॅनिश भाषेंत 'आ मि आबुएला' म्हणजे 'माझ्या आजीला' असें म्हटल्यावरहि 'ले' म्हणजे 'तिला' हा शब्द टाकतां येत नाहीं. ज्या बाईनें एकदांहि 'मला' म्हटलें नाहीं, तिच्यासाठीं ही भाषा चतुर्थी दोनदां मागत होती.

मातोश्री बराच वेळ शेंगा सोलीत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंबाडीची भाजी. वरून लसणाची फोडणी. माहेरीं करीत."

आमच्या घरीं ती कधीं झालेली नाहीं. वडिलांस लसणाचा वास सोसत नसे, आणि त्यांना जाऊन बारा वर्षें झालीं तरी स्वयंपाकघरानें तो नेम मोडला नाहीं. त्यांच्यावर हा दोष नव्हे. त्यांना कोणी सांगितलेंच नव्हतें.

अंबाडीला स्पॅनिश शब्द शोधावयाचा होता. तांबड्या अंबाडीच्या बोंडांचें सरबत मेक्सिकोंत घरोघर पितात, आणि तिला तेथें 'हामाइका' म्हणतात. पानें अनेक, म्हणून 'गुस्तान'. लसणाला स्पॅनिशमध्यें 'आहो' म्हणतात हें ऐकून मातोश्री पदर तोंडाला लावून हंसल्या. ज्यांना त्यांनीं पन्नास वर्षें 'अहो' म्हणून हांक मारली, त्यांनाच तो सोसत नव्हता!

मंगळवारच्या बाजारांतून अंबाडीच्या दोन जुड्या आल्या. लसूण मात्र घरांत नव्हता. तो शेजारून आणावा लागला.