गॅस भरण्यापूर्वी

वाहनावरील शीतयंत्राचे काम थंडी निर्माण करणे हे नसून पेटीतील उष्णता उचलून बाहेर टाकणे हे आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर येत असली तरी दुरुस्तीच्या वेळी तीच सर्वांत आधी विसरली जाते. नाशिकची निर्यातीची द्राक्षे न्हावा शेवा बंदराकडे निघण्यापूर्वी प्री-कूलिंगच्या खोलीत शून्य अंशाच्या आसपास आणली जातात ती याचमुळे. रीफरचे, म्हणजे शीतपेटीचे, यंत्र मिळालेले तापमान टिकवण्यासाठी बेतलेले असते आणि शेतावरची उष्णता मालातून ओढून काढण्याइतकी ताकद त्यात नसते.

तक्रार बहुधा एकच असते, गाडी थंड करत नाही. गेज लावून सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वायूचा, दाब कमी दिसला की ‘गॅस कमी आहे’ असा निर्णय होतो आणि सिलिंडर उघडला जातो. परंतु या कमी दाबाला निदान दोन कारणे संभवतात. एक तर पेटीतील कॉइलमध्ये उकळण्यासाठी द्रवच पुरेसा पोहोचत नाही, किंवा द्रव पोहोचूनही त्याला उकळवण्याइतकी उष्ण हवा कॉइलवरून वाहत नाही. या दोहोंतला भेद सुपरहीट सांगते. सुपरहीट म्हणजे त्या दाबाला द्रव ज्या तापमानाला उकळतो, त्याहून कॉइलमधून बाहेर पडणारी वाफ किती अंश अधिक उष्ण आहे तो फरक. गॅस खरोखर कमी असेल तर हा फरक वाढतो. कॉइलवर बर्फ धरला असेल, पट्टा सैल होऊन पंखा मंदावला असेल किंवा खोकी छतापर्यंत रचून हवेची वाट बंद केली असेल, तर तो घटतो. अशा वेळी वरून गॅस भरला तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि त्याचे व्हॉल्व्ह मोडतात. साधी डिफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची, अडचण मग कॉम्प्रेसर बदलण्यापर्यंत जाते. कोकणात पावसाळ्यात यंत्र चालू ठेवून, दार उघडे टाकून माल उतरवला जातो तेव्हा बाष्पाने भरलेली हवा आत येऊन कॉइल फार लवकर गोठते, हेही तपासणाऱ्याने चालकाला विचारले पाहिजे.

गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. 1938 साली मिनियापोलिस येथे फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या स्वशिक्षित तंत्रज्ञाने ट्रकसाठी यंत्र उभारले, तेव्हाही रस्त्याचे धक्के सोसणे ही त्यातील मोठी अडचण होती, आणि आजही कंपनाने सैल झालेले सांधे हेच पहिले संशयस्थान असते. अशा यंत्रांत वापरला जाणारा आर-404ए हा तीन घटकांचा मिश्र वायू असल्यामुळे तो द्रवरूपातच भरावा लागतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवृद्धीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 3900 पट आहे, म्हणून गळती न शोधता वरचेवर भर घालत राहणे हा अपराधच मानला पाहिजे.

गळती बुजवल्यावर व्हॅक्युम पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा काढून दाब 500 मायक्रॉनच्या खाली न्यावा लागतो. पंप वेगळा केल्यावर दाब थोडा चढून स्थिरावला तर ओलावा उरला आहे, आणि चढतच राहिला तर गळती अजून शिल्लक आहे. माल भरण्यासाठी गाडी रांगेत उभी असताना आणि मालक घाई करत असताना या निरीक्षणापुरता वेळ मागून घेणे कठीण असते, पण कुशल मेकॅनिक तो मागून घेतोच.