युद्ध संपतं, मुलांचं काय?



युद्ध म्हटलं की मुलांना रणगाडे, विमानं आणि कोण जिंकलं एवढंच आठवतं. पण युद्धात ज्यांचं घर सुटलं त्या मुलांचं पुढे काय झालं, यावर वर्गात आपण फारसं बोलत नाही. त्यासाठी लांबचं उदाहरण नको, आपल्या रत्नागिरीतच आहे.

मिरकरवाड्यातल्या माझ्या चौथीच्या मुलांना थिबा राजवाडा पाहून माहीत आहे. 1885 च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, जिंकला. थिबा राजाला कुटुंबासह आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्या दोन मुली मंडालेच्या, तिसरी मद्रासला जन्मली, चौथी इथे. हे सांगताना एका मुलीने विचारलं, “बाई, मग त्या पोरी शाळेत जायच्या का ओ?”

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा. त्या मुलींना आपल्यासारखी शाळा मिळालीच नाही. बरोबरीच्या मैत्रिणी नाहीत, मोकळं फिरणं नाही. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, तोवर त्यांचं बालपण सरलं होतं. राजा 1916 मध्ये इथेच वारला. 1919 मध्ये कुटुंब परत गेलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी टुटू मराठी बोलत इथेच राहिली, तीही गरिबीत. युद्ध महिन्याभराच्या आत संपलं होतं, पण त्याची झळ नातीपर्यंत पोचली.

आता दुसरं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले सुमारे 5,000 पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलंच. त्यांनी सैबेरियातली थंडी, उपासमार आणि घरच्यांचे मृत्यू पाहिले होते. पण वळिवड्यात त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, स्काउट होतं, नाटकं, सण होते. त्यातली काही मुलं म्हातारपणी मुद्दाम कोल्हापूर बघायला आली. दुःख पुसलं गेलं नसेल, पण बालपणाचा थोडा भाग तरी परत मिळाला.

दोन्हींत फरक कशाचा? मला वाटतं रोजच्या शाळेचा, सवंगड्यांचा आणि आपल्या भाषेचा.

बालहक्क संहिता 1989 ची, भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली. युद्धाचा फटका बसलेल्या मुलांना शरीराने आणि मनाने सावरायला मदत करावी, असं तिचं 39 वं कलम सांगतं.

आपल्या बंदरावर कामासाठी बाहेरून कुटुंबं येतात. त्यांचं येणं युद्धामुळे नाही, पण गाव आणि भाषा सुटलेलं मूल वर्गात गप्प बसतं, ते ओळखीचं आहे. त्याला लगेच “बोल ना रे” म्हणून उभं करू नये. बसायची जागा ठरलेली असावी, शेजारी एक सोबती द्यावा, त्याच्या भाषेतले चार शब्द सगळ्या वर्गाने शिकावेत. चित्र काढू द्यावं, अर्थ विचारू नये. सतत पोट दुखत असेल, झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं.

आणि पालकांनो, मोबाईलवर युद्धाचे व्हिडिओ लहानग्यांसमोर लावू नका. मुलाने विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात सांगा, आणि त्या वेळी जवळ बसा. मुलाला बातमी कळण्याआधी आपला आवाज कळतो.