फेरी स्ट्रीटवरची शनिवारची सकाळ

न्यू जर्सीला मुलीकडे किंवा बहिणीकडे जाऊन आलेल्या आपल्या बायकांची वर्णनं साधारण सारखीच असतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगारा आणि एडिसनच्या ओक ट्री रोडवरची साड्यांची नि मिठाईची दुकानं. शाळेच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे राहून मीही हे सगळं पाहिलं, पण त्यात भर घालावी असं माझ्यापाशी काही नाही. सांगावंसं वाटतं ते नेवार्क शहरातल्या एका रस्त्याबद्दल, आणि तिथे शनिवारी सकाळी चालू असलेल्या टेलिव्हिजनबद्दल.

एडिसनहून आगगाडीत बसलं की पाऊण तासाच्या आत नेवार्कचं पेन स्टेशन येतं. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर फेरी स्ट्रीट. या वस्तीला आयर्नबाउंड म्हणतात. रेल्वेच्या रुळांनी वेढलेली म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगालहून आलेली कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहताहेत, मागाहून ब्राझील, इक्वेडोरची माणसंही आली. दुकानांच्या पाट्या पोर्तुगीजमध्ये, मासळीच्या दुकानात खारवलेला कॉड मासा आणि दर दोन-चार घरांआड बेकरी. एका बेकरीत मी कडक कवचाच्या गोल पावाकडे बोट दाखवून नाव विचारलं, तर गल्ल्यावरची बाई नाकात म्हणाली, "पांव." मला हसूच आलं. आपला पाव गोव्याच्या वाटेने या पोर्तुगीजांकडूनच तर आपल्याकडे आला!

बेकरीच्या भिंतीवर भलामोठा टीव्ही आणि त्यावर फुटबॉल. इथे सकाळचे साडेदहा, तर लिस्बनला दुपारचे साडेतीन. इवल्याशा कपातली काळी कॉफी पुढे घेऊन सात-आठ म्हातारे टक लावून बसलेले. मधूनच एखादा उठून टीव्हीलाच रागावून येई. शेजारच्या टेबलावर त्यांच्या बायका, त्यांचं निम्मं लक्ष गप्पांत नि निम्मं पडद्यावर. गोल झाला तेव्हा मात्र सगळ्यांत आधी त्याच ओरडल्या.

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे वेगळंच प्रकरण. तो चेंडू हातात धरून पळायचा खेळ. आपल्या फुटबॉलला तिथे 'सॉकर' म्हणतात. या सॉकरला तिथल्या टेलिव्हिजनने बरीच वर्षं दारातच उभं केलं होतं. कारण अगदी संसारी आहे : पैसा. तिथलं टेलिव्हिजन पोसलं जातं जाहिरातींवर. त्यांचा फुटबॉल, त्यांचं बेसबॉल, सगळं थांबत-थांबत चालतं, तेवढ्यात साबणाची नि मोटारीची जाहिरात होऊन जाते. सॉकर मात्र पंचेचाळीस मिनिटं थांबायला तयार नाही. मग काय करावं? १९६७ साली सीबीएस वाहिनीने एका नव्या व्यावसायिक लीगचे सामने दाखवायला सुरुवात केली. त्या वेळी एका रेफ्रीने कबूल केलं, की त्याने एका सामन्यात दिलेल्या २१ फाउलपैकी ११ निव्वळ जाहिरातीला जागा मिळावी म्हणून होते! तेल-मिठासाठी वरणाचं पातेलं दर पाच मिनिटांनी चुलीवरून उतरवण्यातलाच हा प्रकार. पुढे १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आला (१९७७ साली हाच संघ घेऊन तो कलकत्त्याला मोहन बागानशी खेळून गेला), मैदानं भरली. पण १९८४ नंतर ती लीगही बंद पडली. १९९० च्या वर्ल्ड कपमध्येसुद्धा चालू सामन्यात जाहिराती घुसवत.

वाट निघाली १९९४ साली, वर्ल्ड कप अमेरिकेतच भरला तेव्हा. एबीसी आणि ईएसपीएन या वाहिन्यांनी चालू खेळात जाहिरात घ्यायचीच नाही असं ठरवलं, आणि पडद्यावरच्या घड्याळाशेजारी पैसे देणाऱ्या कंपनीचं चिन्ह ठेवून दिलं. एवढीशी युक्ती! याच सुमारास स्पॅनिश वाहिनीवरचा आंद्रेस कांतोर घराघरांत पोचला. गोल झाला की श्वास संपेपर्यंत 'गोऽऽऽल' म्हणणारा हाच तो. स्पॅनिशचं अक्षर न कळणारे लोकही त्याच्यासाठी ती वाहिनी लावत.

त्या १९९४ च्या अमेरिकन संघातले मिओला, हार्क्स आणि रामोस हे तिघं एका लहानशा गावच्या आसपासचे. ते गाव म्हणजे फेरी स्ट्रीटहून पसाइक नदीपलीकडे असलेलं कर्नी. तिथल्या दोऱ्याच्या गिरण्यांत कामाला स्कॉटलंडची माणसं आली, त्यांनी हा खेळ बरोबर आणला. देशाच्या टेलिव्हिजनला खेळ नको होता तेव्हा तो असा गिरणीच्या वस्त्यांत, परक्या मुलखातून आलेल्यांच्या अंगणात टिकला.

आता परिस्थिती पार पालटली आहे. २०१३ पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने एनबीसी दाखवते. शनिवारचा पहिला सामना न्यू जर्सीत सकाळी साडेसातला. कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे साडेचार वाजलेले, म्हणजे आपल्या काकड आरतीची वेळ. तरी लोक उठतात. गंमत म्हणजे, शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत. माणसं मैदानावर यावीत म्हणून १९६० नंतरच्या दशकापासून चालत आलेला तो नियम आहे. तेच सामने अमेरिकेत सकाळी दहाला घरबसल्या दिसतात. घरच्याला उपास नि पाहुण्याला पुरणपोळी!

माझी भाची अकरा वर्षांची. ती शाळेच्या संघात गोलकीपर आहे. तिथे मुलींनी सॉकर खेळणं इतकं सहज, की मी विचारलेला "मुलांचा खेळ कसा गं आवडतो?" हा प्रश्नच तिला कळला नाही. १० जुलै १९९९ ला पॅसाडेनाच्या रोझ बोल मैदानावर अमेरिका-चीन महिलांचा अंतिम सामना झाला, त्याला ९०,१८५ प्रेक्षक होते आणि टीव्हीवर सुमारे १ कोटी ८० लाख. २०१५ च्या महिला अंतिम सामन्याला, जपानविरुद्धच्या, अडीच कोटींवर प्रेक्षक लाभले. इंग्रजी वाहिनीवर पुरुषांच्या कुठल्याही सॉकर सामन्याला तोवर एवढे मिळाले नव्हते. भाचीला हे आकडे तोंडपाठ आहेत.

एका शनिवारी सात वाजता उठून पाहते तर बहीण आणि भाची एका पांघरुणात टीव्हीपुढे. मी चकित. हिला लहानपणी खो-खोचासुद्धा कंटाळा! चहा करताना ती म्हणाली, "ताई, मला अजूनही ह्यातलं फार कळत नाही गं. पण मधे असं झालं, की हिचं-माझं मराठी बोलणं 'जेवलीस का, झोपलीस का' एवढ्यावर आलं. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलायची, तेही दार लावून. मग मी शनिवारी तिच्याशेजारी बसायला लागले. अट एकच, मला मराठीत समजावून सांगायचं."

भाचीचं ते समजावणं मी ऐकलं. "मावशी, हिने बॉल दिला ना, तेव्हाच तू त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी होतीस, तर ऑफसाइड. धावत मागून आलीस तर चालेल." 'मागून आलीस' आणि 'मागे आलीस' यांत तिची गफलत होत होती, ती बहीण हळूच दुरुस्त करी. मेहुणे स्वयंपाकघरात अंडी फेटत होते. तिथे हे काम शनिवारी त्यांचंच. दीड तासात त्या मायलेकी जेवढं बोलल्या, तेवढं एरवी आठवड्यात बोलत नसाव्यात. फोन आडवा पडलेला होता, त्याकडे कुणी पाहिलंही नाही.

तुमचं कुणी न्यू जर्सीत असेल तर शनिवारी दहाच्या सुमारास फेरी स्ट्रीटला जरूर जा. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, कारण साध्या दिसणाऱ्या वड्यात कॉड मासा असतो. अंड्याच्या कस्टर्डचा छोटा गोड पदार्थ, 'पास्तेल द नाता', गरम असतानाच खावा. टीव्हीकडे पाठ करून मात्र बसू नका, म्हातारे लगेच खुर्ची वळवून देतात. आणि पाव थोडे जास्तच घ्या. दुसऱ्या दिवशी ते चामट होतात, पण मधोमध कापून तव्यावर तुपात भाजले की चहाबरोबर फार छान लागतात.