पुनर्विकास होईल तेव्हा होईल, बाथरूमचं दार आधी बघा

तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील, तर सभेतले प्रश्न तुम्हाला पाठ असतील. कार्पेट एरिया किती, पार्किंग मिळणार का, भाडं किती महिने देणार. बाथरूमचं दार किती रुंद असेल, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर म्हणून मला तोच प्रश्न पहिला वाटतो.

मुंबई-पुण्यात म्हाडाच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या कितीतरी इमारती आहेत. तरुणपणी तिथे राहायला आलेली जोडपी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. गुडघे दुखायला लागले की माणूस आधी बाजार सोडतो, मग देऊळ, मग कट्टा. बाहेर पडणं थांबलं की मांडीचे स्नायू झडतात आणि तोल आणखी बिघडतो. त्यामुळे जिना टाळून पडणं टळत नाही, पडायची जागा फक्त बदलते. ती बहुधा बाथरूम असते, वेळ रात्रीची, कारण रात्री लघवीला उठावं लागतं आणि झटकन उठल्यावर रक्तदाब खाली येतो. ठिसूळ झालेलं खुब्याचं हाड अशा साध्या पडण्यानेही मोडतं. त्यानंतर अनेक जण पूर्वीसारखे चालत नाहीत, काही वर्षभरात दगावतात.

"बिल्डिंग पाडायचीच आहे, आता कशाला खर्च?" हे मी सतत ऐकतो. मला ते पटत नाही. करार, परवानग्या, बांधकाम यांत वर्षं जातात, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तेवढी वर्षं हातात धरता येत नाहीत. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावा, पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी ओढा, प्रत्येक वळणावर चांगला दिवा. कमोडशेजारी भिंतीत पक्का आधारदांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. आणि दार आत उघडत असेल तर सुताराला बोलावून ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत पडलेला माणूस दाराला टेकून असतो, मग दार ढकलताही येत नाही. कडीऐवजी बाहेरून उघडता येईल असा लॅच लावा.

नव्या आराखड्यात दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर मागा. व्हीलचेअर साधारण ६५ सेंटिमीटरची असते, पण ती वळवायलाही जागा लागते. उंबरा नको, गुळगुळीत फरशी नको, एका तरी लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावायला हवं. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. पुष्कळ ठिकाणी रॅम्प म्हणून जे दाखवतात ते स्कूटर चढवायच्या लायकीचं असतं.

मासिक देखभालखर्चही आत्ताच विचारा. टॉवरमधल्या लिफ्टचं, पंपाचं बिल पेन्शनमधून भागणार नसेल, तर नव्या घराचा आनंद थोडेच दिवस टिकतो.

घरात स्मृतिभ्रंशाचं कुणी असेल, तर भाड्याच्या घरात जातानाही पलंग आणि संडास यांची दिशा शक्य तितकी जुन्या घरासारखी ठेवा, आणि पहिले काही आठवडे रात्रभर संडासातला दिवा चालू राहू द्या.