आजीची पावली, आईचे पंचवीस पैसे

आमच्या पिढीच्या घरांत एकाच वेळी दोन चलनं चालायची. आजीच्या कनवटीला चवली-पावली, आईच्या डब्यात नवे पैसे. १ एप्रिल १९५७ला सरकारनं रुपयाचे शंभर भाग केले. आजीनं ते मनावर घेतलं नाही. तिचा रुपया सोळा आण्यांचा, आणा चार पैशांचा, पैसा तीन पैंचा. चवली म्हणजे दोन आणे, पावली चार, अधेली आठ. ‘चवलीचा गूळ आण रे,’ असं ती म्हणाली की पोरानं वाटेत हिशेब करायचा.

खरी गंमत त्या हिशेबातच होती. आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैसा आणायचा कुठून? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोनांचे १२, तिनांचे १९ आणि चारांचे २५ पैसे ठरले. म्हणजे आण्याआण्याची खरेदी चारदा केली तर २४ पैशांत भागायचं, एकदम केली तर २५! हे गणित गुरुजींच्या आधी आळीतल्या पोरांना उमगलं. एका पैशाच्या लिमलेटच्या गोळीसाठी वाण्याकडे चार खेपा घालणारे वीर घरोघरी होते. वाण्यालाही ते कळत असणारच.

थोरल्या भावंडांकडे भोकाचा पैसा असायचा. महायुद्धात धातूची ओढ लागली, म्हणून १९४३पासून काही वर्षं पैशाचा मधला भागच काढून टाकला होता. पोरांच्या करगोट्यात ओवायला फार सोयीचा! त्याहून जुना ढब्बू, दोन पैशांचा, तांब्याचा, जाडजूड. चिंचेनं घासला की लखलखायचा. आता ढब्बू म्हटलं की नातवंडांना मिरची आठवते.

१ जून १९६४ला ‘नव्या’ पैशातला ‘नवा’ गळाला. तरी भाऊबीजेच्या तबकात पडायची ती पावलीच. सत्यनारायणाच्या सव्वा रुपयालाही धक्का लागला नाही, कारण वरची पावली आणि वरचे पंचवीस पैसे एकच. ३० जून २०११पासून मात्र ते नाणंही चलनातून गेलं. आता ताटात अकरा नाहीतर एकवीस रुपये पडतात. यावर कुठल्या भटजींनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.